सात की आठ?

बव्हेरियात ज्या घरी चौथीतलं मूल आहे तिथे मार्च-एप्रिलमध्ये फोन केलात, तर खुशालीच्या आधी प्रश्न येतो, "तुमचं किती होतंय, सात की आठ?" जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची ही बेरीज. इथल्या श्रेणी १ ते ६. त्यात १ सर्वांत चांगली, म्हणून बेरीज कमी तितकं बरं. सात झाली तर सरासरी २.३३ आणि गिम्नाझियमचं दार उघडं. ही शाळा पुढे आबिटूर परीक्षेपर्यंत आणि तिथून थेट विद्यापीठात नेते. आठ झाली तर २.६६, म्हणजे रेआलशूल. नऊ किंवा त्याहून जास्त झाली तर मिटेलशूल, म्हणजे पूर्वीची हाउप्टशूल, जिथून बहुतेक मुलं पुढे कारागिरीच्या, दुकानदारीच्या, कारखान्याच्या प्रशिक्षणाला लागतात. मे महिन्याच्या सुरुवातीला शाळा एक दाखला देते. त्यात हे सगळं लिहिलेलं असतं. मूल तेव्हा नऊ-दहा वर्षांचं असतं.

चार वर्षं सगळ्यांनी एकत्र शिकायचं आणि मग वाटण्या करायच्या, हा प्रकार आता आपल्याला निष्ठुर वाटतो. पण १९२० मध्ये वायमार प्रजासत्ताकाने तो कायदा केला तेव्हा ती मोठी सुधारणा होती. त्याआधी पैसेवाल्यांची मुलं फी भरून वेगळ्याच पूर्वशाळेत बसायची आणि तिथून गिम्नाझियमला जायची. चांभाराच्या पोराशी त्यांची गाठच पडायची नाही. पुढे बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग यांनी एकत्र शाळा सहावीपर्यंत नेली, बाकी बहुतेक राज्यं चौथीवरच राहिली. हॅम्बुर्गने २०१० मध्ये ती सहावीपर्यंत न्यायचं ठरवलं, तर नागरिकांनी जुलैमध्ये सार्वमत घेऊन तो बेत मोडीत काढला. म्हणजे हे नुसतं सरकारी खूळ नाही, लोकांनाही ते हवं आहे. निदान ज्यांची मुलं वरच्या बाजूला पडतात त्या लोकांना.

मी मूळची सांगलीची. तिथे शाळेत गणित शिकवायचे आणि मुलांना स्कॉलरशिपला बसवायचे. तेव्हा ती परीक्षा चौथी-सातवीला असे, २०१६-१७ पासून काही वर्षं ती पाचवी-आठवीला होती. नवऱ्याच्या नोकरीपायी एर्लांगनला आले. न्यूर्नबर्गच्या शेजारचं हे गाव सीमेन्स आणि विद्यापीठ या दोन खांबांवर उभं आहे, त्यामुळे मराठी घरं बरीच. शनिवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती चौथीची चार-पाच पोरं असतात. मी त्यांची मावशी. फी घेत नाही, पण कुणाची तरी आई थालीपीठं पाठवते आणि ती मी परत पाठवत नाही.

या पोरांच्या वडिलांनी एक हिशेब फार लवकर केलेला असतो. घरी मराठी, मित्रांशी अर्धं इंग्रजी, त्यामुळे जर्मनमध्ये ३ मिळाली तरी देव पावला. परिसर अभ्यासात जंगलातली झाडं, अग्निशमन दल, वीजमंडल, आपल्या गावाचा इतिहास असं सगळं येतं. तेही जर्मनमध्येच लिहायचं, म्हणून तिथेही ३ धरायची. मग सात गाठायला गणितात काय लागेल? एक. तीन अधिक तीन अधिक एक. "गणित तर आपलंच आहे" असं म्हणून ते निर्धास्त होतात.

हिशेब बिनचूक आहे. अडचण पुढे आहे.

चौथीचा अभ्यासक्रम पाहिला की आपला माणूस हसतो. दहा लाखांपर्यंतच्या संख्या, चार मूलभूत क्रिया, लांबी-वजन-वेळ-पैसे, सममिती, ठोकळ्याचा कागद कसा उलगडतो ते. लसावि-मसावि नाही, अपूर्णांकांची बेरीज नाही. भारतात सुट्टीला गेलेले बाबा मग स्कॉलरशिपचे संच घेऊन येतात. त्या परीक्षेत एका पेपरला ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. उत्तर चार पर्यायांतलं एक, गोल काळा करायचा. सांगलीत मी याच वेगासाठी मुलांना घासून तयार करत होते आणि त्याचा मला अभिमान आहे. बुद्धीला तेही वळण लागतं.

इथे चौथीतल्या लेखी चाचणीला प्रोब म्हणतात. ती वर्षभर अधूनमधून होते, साधारण आठवडाभर आधी सांगून होते, आणि तपासलेला कागद पालकाच्या सहीसाठी घरी येतो. वर्षअखेरीची एकच एक मोठी परीक्षा नाही, त्यामुळे 'शेवटच्या महिन्यात जोर लावू' हा आपला लाडका मार्ग बंद. कागदावर उदाहरणं थोडी असतात आणि मोकळ्या ओळी पुष्कळ. त्या ओळी कशासाठी, हे आमच्या बाबांना पहिला कागद घरी येईपर्यंत कळत नाही.

टेबलावर मी देते तसं एक उदाहरण मराठीत सांगते. चौथीच्या तीन वर्गांत प्रत्येकी २४ मुलं आहेत. सहलीला सोबत सहा शिक्षक जाणार आहेत. एका बसमध्ये जास्तीत जास्त ४८ जण बसतात. बस ७.४५ ला निघते, ९.१० ला पोचते. किती बस लागतील?

गेल्या हिवाळ्यात एका मुलीला हे दिलं. वीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणणारी मुलगी. तिने पहिल्यांदा २४ आणि ३ मिळवले, सत्तावीस. 'प्रत्येकी' हा अर्थ जर्मनमध्ये 'ये' या दोन अक्षरांच्या शब्दात असतो, आणि तो तिने ओलांडला होता. मी त्या शब्दावर पेन्सिल ठेवली. तिने मान हलवली, ७२ काढले, सहा मिळवले, ७८ झाले, ४८ ने भागलं, आणि लिहिलं: १, बाकी ३०. खाली दोन रेघा मारल्या. तिच्या मते काम संपलं.

"ते तीस जण कुठे आहेत?"
"बाकीत."
"म्हणजे रस्त्यावर?"

तिने खोडलं आणि २ लिहिले. शाळेच्या दृष्टीने अजूनही अपुरंच. इथे वाक्य लागतं: दोन बस लागतील, कारण एक बस भरल्यावर उरलेल्या तीस जणांनाही जायचं आहे. त्या 'कारण'ला गुण असतात. निघायची आणि पोचायची वेळ कशालाच लागत नाही, आणि ती मुद्दाम दिलेली असते. आपल्या पोरांना वाटतं, दिलेली प्रत्येक संख्या वापरलीच पाहिजे, नाहीतर काहीतरी सुटलं.

ही सवय फक्त आपल्या मुलांची नाही. फ्रान्समध्ये ग्रनोब्लला १९८० च्या सुमारास काही गणित-शिक्षकांनी दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय काय? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काहीतरी जुळवाजुळव करून उत्तर दिलं. जर्मन शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा किस्सा इतका रुळला आहे की अशा फसव्या उदाहरणांना नावच पडलं, कप्तानाची उदाहरणं. मी ते आमच्या टेबलावर चालवून पाहते. बहुतेक जण ३६ म्हणतात. एखादाच विचारतो, "मावशी, प्रश्न चुकलाय का?" त्या पोराच्या गणिताची मला काळजी वाटत नाही.

म्हणून आमच्या टेबलावर पहिले काही शनिवार बेरीज-वजाबाकी होतच नाही. आम्ही नुसती उदाहरणं वाचतो. कोणती संख्या निरुपयोगी आहे ते खोडतो. 'जास्तीत जास्त', 'कमीत कमी', 'तिनाने मोठी', 'तिप्पट' हे जर्मन शब्द मुलं त्यांच्या भाषेत ओळखतात का ते बघतो. तिनाने मोठी आणि तिप्पट यांत गल्लत झाली की पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं. एका बाबांनी मला स्पष्टच विचारलं होतं, "हा जर्मनचा क्लास आहे की गणिताचा?" मी म्हटलं, इथे दोन्ही एकाच कागदावर तपासतात.

लिहिण्याच्या रीतींचाही थोडा त्रास होतो, पण तो लवकर मिटतो. भागाकाराला दोन टिंबं, गुणाकाराला मध्ये एक ठिपका, दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. भागाकार आडवा मांडतात, ८४ : ७ = १२, आणि पायऱ्या डावीकडे खाली उतरतात. आपल्याकडे जुन्या पद्धतीत भाजक डाव्या कंसाबाहेर आणि भागाकार उजव्या कंसाबाहेर असायचा, त्यामुळे आजोबांची रीत इथल्या रीतीला बरीच जवळची. इंग्रजी माध्यमात शिकलेले बाबा भागाकार डोक्यावर लिहितात आणि पोर गोंधळतं. माझं म्हणणं एवढंच की रीत शाळेची ठेवावी. घरी दुसरी शिकवू नये, निदान चौथीत तरी.

आता मोकळ्या ओळींकडे येते.

इथल्या प्राथमिक शाळांत एक खेळ फार चालतो. चार अंकी संख्या घ्यायची, आना (Anna) या नावाच्या स्पेलिंगसारखी, म्हणजे बाहेरचे दोन अंक सारखे आणि आतले दोन सारखे. उदाहरणार्थ ७४४७. आता अंकांची अदलाबदल करून ४७७४ घ्या आणि मोठीतून लहान वजा करा. येतात २६७३. दुसरी घ्या, ५२२५ मधून २५५२. पुन्हा २६७३. आता ८७७८ मधून ७८८७ वजा करा, येतात ८९१. मुलं वजाबाक्या करत सुटतात. शिक्षिकेला फुकटात वजाबाकीचा सराव मिळतो. मग फळ्यावर प्रश्न येतो: उत्तरं कोणती कोणती आली? ८९१, १७८२, २६७३, ३५६४... सगळी ८९१ च्या पाढ्यातली. आणि त्याखाली एक जर्मन शब्द, 'बेग्र्युंडं'. कारण दे.

आमच्या टेबलावरच्या एका मुलाला हे मराठीत सुचलं. तो बोटाने अंक दाखवत म्हणाला, "हजारातून तीन गेले. पण शतकात तीन आले, दशकात तीन आले. आणि एककातून परत तीन गेले." म्हणजे ३००० गेले, ३०० आणि ३० परत आले, ३ गेले, एकूण फरक २६७३. अंकांत एकाचाच फरक असेल तर १००० वजा १०० वजा १० अधिक १, म्हणजे ८९१. सांगलीला हे मी नववीच्या बीजगणितात अक्षरं मांडून शिकवलं असतं. हा नऊ वर्षांचा पोरगा बोटांनी सांगत होता. जर्मनमध्ये लिहायला बसला तेव्हा त्याचं वाक्य अडखळलं, विभक्ती चुकल्या. पण कारण पक्कं होतं, आणि पक्क्या कारणाचं वाक्य दुरुस्त करणं सोपं असतं. कारणच नसेल तर व्याकरण घेऊन काय करायचं?

यामागे नुसती हौस नाही. जर्मनीतल्या सगळ्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी मिळून २००४ मध्ये प्राथमिक गणिताची मानकं ठरवली आणि २०२२ मध्ये ती सुधारली. त्यांत उदाहरणांचे तीन थर आहेत: शिकलेलं जसंच्या तसं करणं, दोन गोष्टींचा संबंध जोडणं, आणि पाहिलेल्यावरून सर्वसाधारण नियम काढून त्यावर विचार करणं. त्याही आधी, १९८७ मध्ये, डॉर्टमुंडच्या एरिख विटमान आणि गेरहार्ड म्युलर यांनी 'माथे २०००' हा प्रकल्प सुरू केला. एकाच साध्या प्रश्नात सराव, शोध आणि सिद्धता तिन्ही बसवायची, ही त्यांची रीत. आजच्या पाठ्यपुस्तकांवर तिची सावली आहे. पालकांच्या भाषेत सांगायचं तर पहिला थर नीट आला की ३ मिळते, दुसरा आला की २. एक हवी असेल तर तिसऱ्या थराला हात घालावाच लागतो. हा नियम कुठे छापलेला नाही, मी पाहिलेल्या कागदांवरून काढलेला माझा अंदाज आहे.

आणि मग बाबांनी केलेला तो हिशेब आठवा. सातसाठी गणितात १ हवी, १ साठी कारण लिहिता यायला हवं. स्कॉलरशिपचे संच पहिल्या थरात फार मजबूत करतात, दुसऱ्यातही करतात, पण गोल काळा करणाऱ्याला कारण कुणी विचारत नाही.

आना-संख्यांसारखंच आपल्याकडचंही एक रत्न आहे. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची रीत: तीन अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा. पुन्हा तेच करत राहा. ७२१ मधून १२७ गेले, ५९४. मग ९५४ मधून ४५९ गेले, ४९५. इथून पुढे कितीही करा, ४९५ च येतात. चार अंकी संख्यांचं ६१७४ होतं आणि ते जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखलं जातं. एका मुलाने हे वर्गात दाखवलं, तर त्याच्या बाईंनी पूर्ण तास त्याच्यावर घालवला. आपल्या पोराचं जर्मन तुटकं असलं तरी वर्गासमोर उभं राहायला त्याला काहीतरी मिळालं.

एका बाबतीत मराठी घरातल्या मुलांना आयता फायदा असतो. जर्मनमध्ये एकक आधी बोलतात, दशक नंतर, अगदी एकवीस-बावीस-पंचेचाळीस यांच्यासारखं. इंग्रजीतून मोजायला शिकलेलं मूल ४७ ऐकतं आणि ७४ लिहितं. मराठीत मोजणारं मूल या फेऱ्यात कमी सापडतं. गंमत अशी की दोन्हीकडे हीच रीत बदलावी असं म्हणणारे गणितज्ञच निघाले. बोखुमचे प्राध्यापक लोथार गेरिट्झन यांनी २००४ मध्ये 'वीस-एक' म्हणण्याच्या प्रचारासाठी एक संस्थाच काढली. आणि २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढं रणकंदन झालं, ते सगळ्यांना आठवत असेल. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलांना सोपं जावं म्हणून हा पर्याय आहे. मला त्यांचं पटलं होतं. तरी घरी मी एकवीसच म्हणते.

एर्लांगनमध्ये बापाने घरी गणित शिकवायची परंपरा जुनी आहे. रोधाचा नियम देणारे गेओर्ग झिमोन ओम १७८९ मध्ये इथेच जन्मले. वडील कुलपं-कड्या बनवणारे लोहार. शाळेत फारसे न गेलेले, स्वतःच्या बळावर गणित शिकलेले, आणि तेच त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना शिकवलं. गेओर्ग पंधराच्या आसपास असताना विद्यापीठातले प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी त्याची परीक्षा घेतली आणि या भावांची तुलना बर्नुली बंधूंशी केली. धाकटा मार्टिनही पुढे गणितज्ञ झाला. त्या लोहाराने गोल काळे करून घेतले नसावेत.

एमी नोएदर हीदेखील इथलीच, जन्म १८८२. वडील विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, तरी तिला गिम्नाझियम मिळालं नाही, कारण मुलींना तिथे प्रवेशच नव्हता. ती फ्रेंच-इंग्रजीची शिक्षिका होण्याची परीक्षा पास झाली, मग विद्यापीठात नुसती ऐकायला बसू लागली, आणि १९०३ च्या जुलैमध्ये न्यूर्नबर्गच्या एका शाळेत बाहेरून बसून आबिटूर झाली. १९०७ मध्ये डॉक्टरेट. पुढे आधुनिक बीजगणिताचा चेहराच तिने बदलला. आज एर्लांगनमधल्या एका गिम्नाझियमला तिचं नाव आहे. ज्यांना ती शाळा हवी असते अशी मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात. त्यांना ही गोष्ट सांगितली की मुली जास्त प्रश्न विचारतात.

बव्हेरियात आठवर अडकलेल्या मुलासाठी मे महिन्यात आणखी एक संधी असते, तीन दिवसांची चाचणी. ती गिम्नाझियममध्ये होते, विषय दोनच, जर्मन आणि गणित. एकात किमान ३ आणि दुसऱ्यात किमान ४ मिळाली तर प्रवेश. दोन्हींत ४ असेल तर निर्णय पालकांचा. माझा सल्ला ठरलेला आहे. आठ जर परिसर अभ्यासामुळे झाली असेल तर मुलाला जरूर बसवा, कारण तो विषय तिथे नाहीच. जर्मनमुळे झाली असेल तर आधी मुलाला विचारा. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला तीन दिवस परक्या शाळेत परक्या शिक्षकांसमोर बसायचं असतं. हे सगळ्यांना झेपत नाही. नव्याने आलेल्या घरांसाठी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: ज्या मुलाची मातृभाषा जर्मन नाही आणि जे पहिलीपासून इथल्या शाळेत नव्हतं, त्याची सरासरी फक्त भाषेमुळे खाली आली असेल, तर ३.३३ पर्यंतही शाळा त्याला गिम्नाझियमसाठी योग्य ठरवू शकते. वर्गशिक्षिकेशी हे हिवाळ्यातच बोलावं, मेमध्ये नाही.

बाकीची राज्यंही आता कडक होत आहेत, आणि गणितानेच तिथे तोंडघशी पाडलं आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्गने २०१२ मध्ये शाळेची शिफारस बंधनकारक असणं रद्द केलं होतं. मग पुन्हा घड्याळ फिरवून २०२४ च्या नोव्हेंबरात चौथीच्या मुलांची एक राज्यव्यापी चाचणी घेतली. गणितात गिम्नाझियमच्या पातळीला पोचली अवघी ६ टक्के मुलं. पेपर फार अवघड होता, हे शिक्षणमंत्र्यांनाही मान्य करावं लागलं. बर्लिनमध्ये २०२५ च्या सुरुवातीला कमी श्रेणी असलेल्या सहावीच्या मुलांची चाचणी झाली, त्यात जेमतेम अडीच टक्के मुलं पास झाली. वर्तमानपत्रांतून आठवडाभर वाद चालला. ज्या चाचणीत जवळपास सगळेच नापास होतात ती निवड करते की नुसती हाकलते? माझं मत सांगायची गरज नसावी.

खऱ्या अर्थाने गणितासाठी निवडून घेणाऱ्या शाळा वेगळ्या, आणि त्या बहुतेक पूर्वेकडे आहेत. बर्लिनचं हाइनरिख हेर्ट्झ गिम्नाझियम, ड्रेस्डेनचं मार्टिन आंडर्सन नेक्सो गिम्नाझियम, येनाचं कार्ल झाइस गिम्नाझियम. पूर्व जर्मनीच्या काळातल्या विशेष शाळांचा हा वारसा. गणिताची ऑलिम्पियाडही त्यांनी १९६१ पासून शाळा-जिल्हा-राज्य अशी पायरीपायरीने उभी केली आणि ती आज सगळ्या देशाची झाली आहे. २०१८ मध्ये फील्ड्स पदक मिळवलेले पेटर शोल्झे हेर्ट्झचे विद्यार्थी. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलेली लिझा झाउअरमान ड्रेस्डेनच्या शाळेतली. या शाळा सरकारी आहेत, शिकवण्याची फी नाही. आमच्या भागातल्या मुलांना मी त्याऐवजी मार्चमधल्या कांगारू स्पर्धेला बसवते. ती तिसऱ्या गुरुवारी असते, तिसरीपासून कुणालाही खुली, आणि तिच्या गुणांचा गिम्नाझियमच्या प्रवेशाशी काडीचाही संबंध नाही. म्हणूनच मुलांना ती आवडते.

आणि आठ आलीच तर? दोन-तीन वर्षांपूर्वी एका घरात या प्रश्नावरून आजी-आजोबांचे फोन सुरू झाले होते. 'नातवाला खालच्या शाळेत घातलं' अशी बातमी इचलकरंजीपर्यंत गेली होती. मी त्या आईला कागदावर रस्ता काढून दाखवला. रेआलशूलमध्ये सातवीपासून शाखा निवडता येते. पहिल्या शाखेत गणित आणि भौतिकशास्त्र वाढीव. दहावीला राज्याची परीक्षा. त्यानंतर जर्मन, इंग्रजी आणि गणित मिळून सरासरी ३.५ असली की फाखओबरशूल, तिथली तंत्र शाखा. बारावीअखेर उपयोजित विज्ञान-तंत्राच्या विद्यापीठाचं दार उघडतं. न्यूर्नबर्गच्या अशा विद्यापीठाला नाव आहे लोहाराच्या त्याच मुलाचं, ओमचं. तेरावीपर्यंत थांबलं आणि दुसरी परकी भाषा केली तर पूर्ण आबिटूर. ज्यांच्या श्रेणी फार चांगल्या आहेत त्यांना दहावीनंतर एक प्रवेशवर्ष करून गिम्नाझियममध्येही शिरता येतं.

आमच्या शनिवारच्या टेबलावरून रेआलशूलला गेलेला असाच एक मुलगा, बऱ्याच आधीच्या तुकडीतला, आता फाखओबरशूलच्या तंत्र शाखेत आहे. चौथीत त्याची बेरीज आठ झाली होती आणि त्याची आई माझ्याशी महिनाभर नीट बोलत नव्हती. तो अजूनही येतो, पण चौथीच्या पोरांना उठवून खुर्ची बळकावतो आणि अवकलनाची उदाहरणं समोर टाकतो. प्रत्येक पायरीला "पण का?" विचारतो. शुक्रवारी रात्री मला कपाटातलं जुनं पुस्तक काढून आधी स्वतः सोडवून ठेवावी लागतात.